संगणकांचे पत्ते आणि देवडीवरची वही

एकाद्या कचेरीचें संकेतस्थळ आपण घरीं बसून उघडतों, तेव्हां आपला निरोप थेट त्या कचेरींतील संगणकाच्या दारीं जाऊन पोहोंचला, असा आपला समज होतो. पुष्कळदां तसें झालेलें नसतें. वाटेंत राउटर नांवाचें एक यंत्र बसलेलें असतें. तें निरोपावरचा पत्ता खोडतें, दुसरा लिहितें आणि मग निरोप आंत धाडतें. जुन्या वाड्याच्या देवडीवर वही घेऊन बसणाऱ्या कारकुनाचेंच हें काम. हा कारकून तेथें कसा आला, आणि थोड्या दिवसांच्या बोलीनें नेमलेला असतां तीस वर्षांहून अधिक काळ कसा टिकला, ह्याचा इतिहास बोधप्रद आहे.

सन १९८१ च्या सप्टेंबरांत इंटरनेटच्या निरोपांचे नियम प्रसिद्ध झाले, आणि ता. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट ह्या जाळ्यानें ते स्वीकारले. त्या नियमांनीं प्रत्येक पत्त्यास ३२ द्विमान अंकांची जागा दिली. म्हणजे एकूण पत्ते सुमारें ४२९ कोटि झाले. त्या वेळीं ही संख्या अक्षय्य वाटली, आणि वाटपहि सढळ हातानें झालें. सर्वांत मोठा गट १,६७,७७,२१६ पत्त्यांचा. असा एक सबंध गट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या एकट्या संस्थेकडे आला. मध्यम संस्थेची अडचण निराळी. २५६ पत्त्यांचा लहान गट तिला अपुरा पडे, म्हणून ती ६५,५३६ चा गट मागे आणि त्यांतील पुष्कळसे पत्ते पडीक ठेवी.

हें धान्य पुरणार नाहीं, असें १९९० नंतर लवकरच ध्यानांत आलें. पत्त्याची लांबी वाढविणें हा खरा उपाय. पण त्यासाठीं जगांतील प्रत्येक यंत्राची भाषा बदलावी लागणार होती. तोंवर काटकसर करणें भाग होतें. १९९३ सालीं जुने वर्ग मोडून गरजेपुरते गट पाडण्याची पद्धति आली. मे १९९४ मध्यें क्येल एगेवांग व पॉल फ्रान्सिस ह्या दोघांनीं एक छोटें टिपण प्रसिद्ध केलें. आंतील संगणकांस घरगुती क्रमांक द्यावे, जगास दिसणारे पत्ते मोजके ठेवावे, आणि दोहोंची अदलाबदल वेशीवरच्या राउटरनें करावी, ही त्यांची कल्पना. विशेष हें कीं, तिचे दोष लेखकांनींच मांडले. दीर्घकाळचा उपाय म्हणून ती अयोग्य आहे, आणि कदाचित् अल्पकाळचा म्हणूनहि अयोग्य ठरेल, अशा आशयाची कबुली त्या टिपणांतच आहे.

घरगुती क्रमांक कोणते, हें मार्च १९९४ च्या दुसऱ्या एका टिपणानें ठरविलें होतें. त्यांतील १० नें आरंभ होणारा गट मूळचा अर्पानेटचा. तें जाळें १९९० मध्यें बंद झाल्यावर तो मोकळा झाला होता. ह्या योजनेवर चार अभियंत्यांनीं जुलै १९९४ मध्यें कडक हरकत घेतली. एकच क्रमांक अनेक ठिकाणीं असला तर पत्त्याचा अनन्यपणाच नाहींसा होईल, असें त्यांचें म्हणणें. गंमत अशी कीं, त्यांतील एक, इलियट लिअर, हे फेब्रुवारी १९९६ च्या सुधारित टिपणाच्या लेखकांत आहेत. त्या टिपणानें १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे गट कायम केले, आणि फायद्यांबरोबर तोटेहि नमूद केले. दरम्यान हेंच काम करणारें ‘पिक्स’ नांवाचें यंत्र बाजारांत आलें होतें, आणि १९९५ मध्यें सिस्को कंपनीनें तें काढणारी कंपनीच विकत घेतली.

आतां ही वही उघडून पाहूं. आंतला संगणक बाहेर निरोप धाडतो, तेव्हां राउटर आपण होऊन तात्पुरती नोंद करतो आणि उत्तर आलें कीं तिच्या आधारें तें योग्य खोलींत पोहोंचवितो. परंतु बाहेरचा अनोळखी निरोप प्रथमच येतो, तेव्हां वहींत कांहींच नसतें. म्हणून ज्या सर्व्हरकडे लोकांनीं यावें अशी इच्छा असेल, त्याची कायमची नोंद चालकास आधींच लिहावी लागते. उदाहरणार्थ, बाहेरचा २०३.०.११३.१० म्हणजे आंतला १९२.१६८.१.२०. येणाऱ्या निरोपावर पोहोंचण्याचा पत्ता बदलावयाचा, जाणाऱ्या उत्तरावर धाडणाऱ्याचा बदलावयाचा, आणि दोन्ही वेळां पडताळ्याची बेरीज नव्यानें मांडावयाची. बाहेरचा पत्ता एकच असेल, तर निरोपावरील द्वारक्रमांक पाहून वांटणी होते: २५ क्रमांकाचें टपाल एका सर्व्हरकडे, ४४३ क्रमांकाची संकेतस्थळाची मागणी दुसऱ्याकडे. मात्र अशी नोंद म्हणजे पहारा नव्हे. कोणास आंत सोडावें ह्याचे नियम निराळे लिहावे लागतात.

ह्यांत गमावलें काय? मूळच्या रचनेंत प्रत्येक संगणक दुसऱ्याच्या बरोबरीचा होता. कोणीहि कोणासहि हाक मारूं शके. देवडी आली आणि दोन थर पडले. ज्याच्या नांवें कायमची नोंद, त्याच्याकडे जग येतें. बाकीच्यांनीं दुसऱ्याच्या दारीं जावयाचें. ज्याची देवडी स्वतःची, तो निदान आपली नोंद आपण लिहूं शकतो. पण पुढें सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनींहि अनेक ग्राहकांस एका पत्त्यामागें बसविलें, तेव्हां ती वही ग्राहकाच्या हातीं राहिली नाहीं.

आपल्या देशाचा संबंध येथेंच येतो. विदेश संचार निगमनें ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. म्हणजे आपण पंक्तीस बसलों तेव्हां पुष्कळसें वाढून झालें होतें. ता. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील शेवटचे मोठे गट वांटले गेले, आणि त्याच वर्षीं एप्रिलांत आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या गटावर आला. भारतांतील कोट्यवधि लोक मोबाइलवरून इंटरनेटवर आले, ते मुख्यतः त्यानंतर. त्या प्रत्येकास जुना स्वतंत्र पत्ता मिळणें शक्यच नव्हतें.

खरा उपाय, म्हणजे १२८ द्विमान अंकांचा पत्ता, डिसेंबर १९९५ मध्येंच कागदावर आला होता. परंतु देवडीवरच्या कारकुनानें टंचाई सुसह्य केली, आणि उपायाची निकड ओसरली. आज हे नवे पत्ते ज्या देशांत मोठ्या प्रमाणावर वापरांत आहेत, त्यांत भारताची गणना होते. गरजेनेंच हें घडविलें. जुन्या पत्त्यांवर चालणारे सर्व्हर मात्र अद्यापि पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठीं वही लिहावीच लागते. ती लिहिणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १९८३ सालीं जाळ्यांतील प्रत्येक संगणकास जें आपोआप मिळत होतें, तेंच तो एकेका ओळीनें परत मिळवीत आहे.