तळटीप : मांडीवर हात दाबून चालणारा विणकर

बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या या माणसाची चाल लेखकाने एका ओळीत सांगितली आहे. वैद्यकाच्या दृष्टीनेही ती ओळ फार नेमकी आहे. लहानपणी पोलिओने मांडीचे पुढचे स्नायू लुळे पडले, की भार येताच गुडघा मुडपतो. तो मुडपू नये म्हणून माणूस हाताने मांडी मागे रेटतो. निरोगी चालीत प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. टाच आधी टेकते का, कंबर कुठे झुकते, हात झुलतात का, हे रुग्णाला अनवाणी चालवून पुढून, मागून आणि बाजूने पाहावे लागते. खाटेवर झोपवून ते कळत नाही. पाऊल लोंबत असेल तर गुडघा उंच उचलला जातो. कुष्ठरोगात नस निकामी झाल्यावरही तसेच दिसते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. त्याआधी अधू झालेल्यांपैकी अनेकांना उतारवयात नव्याने अशक्तपणा जाणवतो. त्याला जुनेच दुखणे समजू नये. चाल पुन्हा तपासून पायाला आधार देणारे कॅलिपर बदलून घ्यावे.