उद्योजक होण्याचे गुण तुमच्यात आहेत का? ते कसे तपासावे?

स्वतःचा उद्योग सुरू करायचा म्हटले की बहुतेक जण आधी भांडवल, जागा आणि कर्जाची चौकशी करतात. या कामासाठी आपण स्वतः तयार आहोत का, हे फार थोडे जण तपासतात. वर्धा जिल्ह्यासारख्या कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात तर हे आधी तपासायला हवे. पीककर्ज डोक्यावर असलेल्या घराने उद्योगासाठी आणखी कर्ज काढले आणि अंदाज चुकला, तर फटका शेतापर्यंत आणि घरातल्या दागिन्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी ही तपासणी कशी करायची, ते पाहू.

उद्योजक म्हणजे कोण?

साधने, माणसे आणि बाजार यांची सांगड घालून नफा-तोट्याची जबाबदारी स्वतःवर घेतो, तो उद्योजक. त्याचा स्वभाव एकाच साच्याचा असावा लागत नाही. वर्ध्यातलीच दोन उदाहरणे पाहा. जमनालाल बजाज यांचा पिंड व्यापाऱ्याचा. त्यांनी 1926 साली बजाज उद्योगसमूहाचा पाया घातला. दुसरे जे. सी. कुमारप्पा. ते मूळचे हिशेब तपासनीस. 1934 साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन अशा कामांत प्रयोग झाले आणि सुधारित बैलघाणी पुढे 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. एक व्यापारी, तर दुसरा नफ्यासाठी नव्हे तर गावासाठी उद्योग उभे करणारा. दोघांत समान काय होते? हिशेबाची शिस्त आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची सवय.

हे गुण जन्मजात असतात का?

'धंदा रक्तात असावा लागतो' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हा समज भारतातच तपासून पाहिला. 1964 साली त्यांनी आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या एका संस्थेत सुमारे दहा दिवसांचे प्रशिक्षण दिले. पुढच्या काळात प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा या व्यावसायिकांनी जास्त नवी कामे सुरू केल्याचे दिसले. म्हणजे यातला बराच भाग शिकता येतो.

मॅक्लेलंड यांचा दुसरा प्रयोग रिंग फेकण्याच्या खेळाचा आहे. खुंटीपासून किती अंतरावर उभे राहायचे, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे. काही जण अगदी जवळ उभे राहतात, काही फार लांब. काम साधण्याची ओढ असलेली माणसे बहुधा मधले अंतर निवडतात, म्हणजे यश अवघड असते पण आपल्या कौशल्यावर मिळू शकते. 'उद्योजक म्हणजे बेधडक धोका पत्करणारा' ही कल्पना त्यामुळे अपुरी ठरते. तो धोका मोजून घेतो.

स्वतःला विचारायचे सहा प्रश्न

'मी मेहनती आहे का?' असे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर 'हो' येते, आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक प्रश्नाला गेल्या दोन वर्षांत घडलेला एक प्रसंग लिहा. प्रसंग आठवला नाही, तर ती जागा कोरी ठेवा.

1. पुढाकार: कोणी सांगितले नसताना मी कोणते काम सुरू केले आणि पूर्ण केले?
2. हिशेब: सलग तीन महिने खर्च-उत्पन्न लिहून ठेवले का? शेतीचा एकरी खर्च मला वहीतून सांगता येतो, की अंदाजाने?
3. नकार पचवणे: कोणी 'नाही' म्हटल्यावर मी पुन्हा गेलो का? जाताना काय बदलले?
4. वसुली: ओळखीच्या माणसाकडे थकलेले पैसे संबंध न बिघडवता मागितले का?
5. शब्द पाळणे: सांगितलेल्या दिवशी काम किंवा माल दिला का? उशीर होणार असेल तर आधी कळवले का?
6. शिकणे: आपले मत चुकीचे निघाल्यावर मी काय बदलले?

उत्तरे लिहून झाली की वही घरातल्या एका माणसाला आणि तुमच्याशी पैशांचा व्यवहार केलेल्या एका बाहेरच्या माणसाला दाखवा. त्यांचे मत तुमच्यापेक्षा वेगळे पडले, तर त्यावर खास लक्ष द्या.

कोऱ्या जागा म्हणजे नापास नव्हे. हिशेब आणि वसुलीची पद्धत शिकता येते, किंवा त्यात पक्का असलेला भागीदार घेता येतो. बचत गटात एकीला बाजाराची जाण आणि दुसरीला वहीची, अशी वाटणी उत्तम चालते. पाचव्या प्रश्नाचे मात्र तसे नाही. तुमचा शब्द दुसरा कोणी पाळू शकत नाही.

कागदानंतर छोटी चाचणी

खरे उत्तर बाजारात मिळते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, ती हळद दळून विकण्याचा तुमचा विचार आहे. यंत्र घेण्याआधी 20 किलो सुकी हळद घ्या आणि बाहेरून दळून आणा. हिशेब कसा करायचा हे दाखवण्यासाठी पुढचे आकडे मानलेले आहेत:

- हळद, 150 रुपये किलोने: 3,000 रुपये
- दळण, पाकिटे, लेबल, प्रवास: 1,100 रुपये
- एकूण खर्च: 4,100 रुपये
- घट जाऊन 19 किलो, म्हणजे 200 ग्रॅमची 95 पाकिटे. 55 रुपयांप्रमाणे विक्री: 5,225 रुपये

वरवर 1,125 रुपये सुटले. पण घरच्या माणसांचे चार दिवस गेले असतील आणि रोज 300 रुपये मजुरी धरली, तर 1,200 रुपये होतात. म्हणजे प्रत्यक्षात 75 रुपयांचा तोटा. आता काय कराल? भाव वाढवाल, पाकिटाचा आकार बदलाल, की थेट गिऱ्हाईक शोधाल? या प्रश्नाशी झटावेसे वाटते की कंटाळा येतो, यावरून स्वतःबद्दल बरेच कळते.

चाचणीत नातेवाइकांची खरेदी धरू नका. अनोळखी माणसाने पैसे देऊन घेतले आणि महिन्याभराने पुन्हा मागितले, तीच खरी विक्री. खाद्यपदार्थ विकताना अन्न सुरक्षा नोंदणी आधी करून घ्या. मानांकनाचे नाव किंवा चिन्ह वापरण्यासाठीही अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते.

किती नुकसान परवडेल?

अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात, याचा अभ्यास सरस सरस्वती यांनी केला. 2001 साली मांडलेल्या त्यांच्या विचारातला एक मुद्दा सोपा आहे: किती मिळेल याआधी किती गेले तरी चालेल, हे ठरवा. ती रक्कम घरात सगळ्यांसमोर बोला आणि लिहून ठेवा. मुलांची फी, दवाखाना आणि पुढच्या हंगामाचे बियाणे-खत यांचे पैसे त्यात धरू नका.

अनुदानाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी प्रवर्गानुसार प्रकल्प खर्चाच्या 25 किंवा 35 टक्के अनुदान आहे. पण ते हातात रोख मिळत नाही. बँकेत तीन वर्षे राखून ठेवले जाते आणि मग कर्जात वळते होते. तोवर हप्ते तुम्हालाच भरायचे असतात. केवळ अनुदान आहे म्हणून उद्योग सुचला असेल, तर पहिल्या प्रश्नाकडे परत जा.

वर्ध्यात मदत कुठे मिळेल?

- जिल्हा उद्योग केंद्र: शासकीय योजना, अर्ज आणि प्रकल्प अहवालाची माहिती.
- महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, मगनवाडी: ग्रामोद्योगांचे तंत्र आणि प्रशिक्षण.
- कृषी विज्ञान केंद्र, सेलसुरा: शेतीपूरक व्यवसायांचे मार्गदर्शन.
- ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था: ग्रामीण तरुणांसाठी मोफत प्रशिक्षण.

थोडक्यात

आपल्यात गुण आहेत का, याचे उत्तर स्वतःबद्दलच्या मतात सापडत नाही. ते आपण आधी केलेल्या कामात आणि छोट्या चाचणीच्या वहीत सापडते. तीन महिन्यांनंतर 'हे माझे काम नाही' असे लक्षात आले, तरी ती तपासणी वाया गेली असे नाही. कमी पैशांत मोठा निर्णय झाला. आणि 'जमेल' असे उत्तर आले, तर बँकेत जाताना तुमच्या हातात अर्जासोबत तीन महिन्यांचा खरा हिशेबही असेल.