फ्रेटसॉ : एका बारीक करवतीचा छंद, उपचार आणि सोबत

साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर कोणते प्रश्न विचारतात? साखर किती, रक्तदाब किती, झोप लागते का, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते. 'दिवसभरात तुमच्याशी कोण बोलतं?' हा प्रश्न मात्र सहसा राहून जातो. नोकरी संपली, मुले आपापल्या ठिकाणी गेली, कधी जोडीदारही गेला, की अनेकांचे बोलणे दूधवाला आणि औषधाच्या दुकानापुरते उरते. रक्ताच्या तपासणीत ही कमतरता दिसत नाही.

आज आपण या प्रश्नाकडे जरा आडवाटेने जाणार आहोत. ही गोष्ट आहे एका बारीक पात्याच्या करवतीची. ती आधी कारागिराच्या हातात होती, मग घराघरात छंद म्हणून आली, पुढे रुग्णालयात उपचार म्हणून शिरली आणि आता काही देशांत ज्येष्ठांना एकत्र आणण्याचे निमित्त झाली आहे.

ही करवत कोणती?

तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या हस्तकलेच्या तासाला 'फ्रेटसॉ' वापरला असेल. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी धातूची खोल चौकट, तिच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवलेले दोऱ्यासारखे पाते आणि खाली मूठ. साधी करवत लाकडाच्या कडेने शिरते आणि सरळ जाते. फ्रेटसॉ हवा तसा वळतो. फळीच्या मधोमध नक्षी कापायची असेल तर आधी तिथे बारीक छिद्र पाडायचे, पाते एका टोकाने सोडवून छिद्रातून ओवायचे, पुन्हा ताणून बसवायचे आणि मग आतला भाग कापून काढायचा. जाळीदार मखर, देवघराची महिरप, दारावरची नावाची पाटी हे सगळे याच पद्धतीने होते.

हेच काम यंत्राने केले की त्याला 'स्क्रोल सॉ' म्हणतात. त्यात पाते जागच्या जागी वर-खाली होते आणि लाकूड दोन्ही हातांनी फिरवावे लागते, शिलाई मशीनवर कापड फिरवतात तसे.

राजवाड्यातून घरात

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) हा नामांकित फर्निचर कारागीर होता. कासवाची पाठ आणि पितळ यांचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून ते बारीक करवतीने एकत्र कापायचे आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा, ही त्याच्या कामाची ओळख. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने लाकडी फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमेवरून कापले. भूगोल शिकवण्यासाठी केलेले हे तुकडे म्हणजे आजच्या जिगसॉ कोड्याचे मूळ.

तोवर हे काम व्यावसायिकांचेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालवायची यंत्रे आली आणि चित्र बदलले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील रॉकफर्डची बार्न्स कंपनी सायकलसारखी पायडल असलेल्या करवती बनवू लागली. इंग्लंडमध्ये १८९५ साली 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक सुरू झाले आणि नॉरफक परगण्यातील डेरेहॅम हे गाव या छंदाचे केंद्र बनले. साप्ताहिकासोबत कापण्यासाठी नमुन्यांचे कागद मिळत. कागद लाकडावर चिकटवायचा आणि रेघेवरून कापत जायचे. म्हणजे दूरदूरच्या गावांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच नमुन्यावर आपापल्या घरी काम करत. छंद सर्वांचा झाला होता, पण करणारा अजून एकटाच होता.

'पडून राहा' की 'कामाला लागा'?

याच काळात वैद्यकशास्त्रात एक वेगळाच वाद चालू होता. सतत थकवा, बेचैनी, निद्रानाश अशा तक्रारींना तेव्हा 'न्यूरॅस्थेनिया' म्हणत. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांचा यावरचा उपाय प्रसिद्ध होता : अनेक आठवडे अंथरुणात पडून राहायचे, भरपूर खायचे, कुणाला भेटायचे नाही. याला 'रेस्ट क्युअर' असे नाव होते.

मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड गावचे डॉ. हर्बर्ट हॉल यांना ते पटेना. मन आधीच रिकामे आणि काळजीने भरलेले, त्याला आणखी रिकामे ठेवून काय साधणार? १९०४ च्या सुमारास त्यांनी अशा रुग्णांसाठी कार्यशाळा सुरू केली. विणकाम, मातीकाम, लाकडावरचे कोरीवकाम. आधी अगदी थोडे, मग हळूहळू जास्त. औषधाची मात्रा वाढवतात तशी कामाची मात्रा वाढवायची. १९०६ साली या अभ्यासासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना एक हजार डॉलरचे अनुदान दिले.

पुढचा टप्पा एका रुग्णाने गाठला. जॉर्ज बार्टन हे व्यवसायाने वास्तुविशारद. त्यांना क्षयरोग झाला, पायाचा काही भाग कापावा लागला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. सुतारकाम आणि बागकाम करत त्यांनी स्वतःला पुन्हा उभे केले. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्यांच्याच घरी मोजकी माणसे जमली आणि व्यवसायोपचाराला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला वाहिलेली संस्था स्थापन झाली.

घोटा, पायडल आणि विसरलेले दुखणे

तोवर युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील लष्करी अस्थिरोग रुग्णालयात सर रॉबर्ट जोन्स यांच्यापुढे हजारो तरुण होते. हाडे जुळलेली, जखमा भरलेल्या, पण सांधे आखडलेले आणि मन खचलेले. तिथे रुग्णांसाठी कार्यशाळा उभारल्या गेल्या.

कल्पना साधी होती. घोटा आखडलेल्या माणसाला 'पाय शंभर वेळा वर-खाली करा' म्हटले, तर तो दहाव्या वेळी कंटाळतो आणि प्रत्येक वेळी दुखण्याकडेच लक्ष देतो. त्यालाच पायडलवर चालणाऱ्या यंत्रावर बसवले तर त्याचे डोळे लाकडावरच्या रेघेवर खिळतात. पाय आपोआप हलत राहतो. जोन्स यांनी यात दोन फायदे पाहिले : एक थेट सांध्याला होणारा, दुसरा मनाला होणारा. दुसरा पहिल्याइतकाच मोलाचा होता. पुढे कित्येक वर्षे सायकलसारखी बैठक असलेली फ्रेटसॉ यंत्रे व्यवसायोपचार विभागांत ठरलेली असत. गुडघ्याला जास्त वाकवायचे की घोट्याला, त्यानुसार बैठक वर-खाली करायची.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथीय घरात वाढलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्ष. पक्षाघातानंतर हाताला पुन्हा वळण लावणारा जो विभाग तुम्हाला आज मोठ्या रुग्णालयात दिसतो, त्यामागे हा वारसा आहे.

रुग्णालयातून परत गावात

रुग्णालयात एक गोष्ट अनायासे घडत होती. कार्यशाळेत माणूस एकटा नसे. शेजारच्या यंत्रावर दुसरा कुणीतरी असायचाच. घरी गेल्यावर यंत्र मिळाले तरी हा शेजारी मिळत नसे.

ही उणीव ऑस्ट्रेलियात भरून निघाली. तिथे घराच्या मागे अवजारांची 'शेड' असते आणि ती बहुधा घरातल्या पुरुषाची जागा समजली जाते. १९९० च्या दशकात 'ही शेड सगळ्यांची मिळून का नसावी?' ही कल्पना पुढे आली. १९९८ साली व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या लहानशा गावात 'मेन्स शेड' नावाने अशी जागा उघडली. २००७ मध्ये देशभरातील शेड्सची संघटना झाली. २०१० च्या पुरुष आरोग्य धोरणात ऑस्ट्रेलिया सरकारने या चळवळीसाठी निधीची तरतूद केली. पुढे आयर्लंड (२०११) आणि ब्रिटन (२०१३) येथेही अशा संघटना झाल्या. आता अनेक ठिकाणी स्त्रियांनाही प्रवेश असतो.

या शेड्समध्ये स्क्रोल सॉ हमखास दिसतो. तो इतर विजेच्या करवतींच्या मानाने सौम्य असतो, नवख्याला लवकर जमतो आणि त्यावर लहान वस्तू पटकन होतात : मुलांची खेळणी, कोडी, पक्ष्यांच्या घरट्यांचे भाग, शाळेला लागणारे साहित्य. एकजण नमुना काढतो, दुसरा छिद्रे पाडतो, तिसरा कापतो, ज्याची नजर कमी झाली आहे तो पॉलिश पेपर घासतो.

आणि कापता कापता बोलणे होते. समोरासमोर बसून 'तुम्हाला कसं वाटतंय?' असे विचारले की बहुतेक पुरुष 'छान' म्हणून मोकळे होतात. तेच दोघे खांद्याला खांदा लावून, नजर लाकडावर ठेवून उभे राहिले की प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा विषय निघतो, गेलेल्या बायकोचाही निघतो. कुणी तपासणीला बोलावलेले नसते, तरी एखादा दुसऱ्याला सांगतो, 'अरे, हे डॉक्टरला दाखव.' किंवा एखादा दोन दिवस आला नाही, की कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला जाते.

पुरावा काय सांगतो?

इथे जरा सावध राहू. २०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे सामाजिक नाते घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. २०१५ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षांवरील २५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुतारकाम, शिवणकाम, मातीकाम असे छंद मध्यम वयात आणि उतारवयातही जपणाऱ्यांमध्ये स्मृती व आकलनाचा सौम्य ऱ्हास होण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी होते. माणसांत मिसळणाऱ्यांमध्ये ते ५५ टक्क्यांनी कमी होते.

पण ज्यांचा मेंदू मुळात तल्लख आहे, तेच छंद टिकवू शकतात, असेही असू शकते. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. शेड्सवरचे बरेच अभ्यास मुलाखतींवर आधारलेले आणि लहान आहेत. म्हणून 'फ्रेटसॉ चालवा, स्मृतिभ्रंश टाळा' असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आणि नैराश्याची औषधे चालू असतील तर छंद सुरू केला म्हणून ती बंद करू नका.

आपल्याकडे करायचे तर

ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे आपल्याकडे गावोगावी आहेत. तिथे पत्ते असतात, कॅरम असतो, व्याख्याने होतात. एका कोपऱ्यात टेबल, चार हाताचे फ्रेटसॉ आणि थोडे प्लायवुड ठेवले तर सुरुवात होते. थर्मोकोलच्या मखरांवर बंदी आल्यापासून लाकडी जाळीच्या मखराला पुन्हा मागणी आहेच. आठवड्यातला वार आणि वेळ ठरलेली असावी. आपली कुणी वाट पाहते आहे, हे माणसाला घराबाहेर काढायला पुरेसे असते.

काही काळजी मात्र घ्या :

- लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली त्याचा समावेश कर्करोगकारकांत केला. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे भुशात काम करणाऱ्यांना असतो, तरी एन-९५ मास्क वापरा आणि खिडक्या उघड्या ठेवा. दमा असणाऱ्यांनी विशेष जपावे. एमडीएफपेक्षा साधे लाकूड बरे.
- डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पाते तुटून उडते.
- यंत्रावर काम करताना सैल बाह्या, ओढणी, हातमोजे नकोत.
- रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल, हात थरथरत असतील किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. घासणे, रंगवणे, नमुने काढणे ही कामेही तितकीच गरजेची आहेत.
- धनुर्वाताची लस घेतलेली असावी. दर अर्ध्या तासाने उठून मान आणि मनगट सैल करा.

मिचेल यांचा उपाय गेला, हॉल यांचा टिकला. पण हॉल आणि जोन्स यांनी दिलेला उपचार रुग्ण बरा झाला की संपत असे. निवृत्तीनंतरचे एकटेपण असे ठराविक मुदतीत बरे होणारे नाही. त्याला रोज किंवा निदान दर आठवड्याला लागू पडणारे काहीतरी हवे. पात्याची किंमत थोडी आहे, प्लायवुडचे तुकडे कुठल्याही सुताराकडे मिळतात. अवघड आहे ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या, दार फारसे न उघडणाऱ्या काकांना 'गुरुवारी येता का?' असे विचारणे. तेवढे मात्र कुणा डॉक्टरला जमणार नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.