भंडारा प्रांतांतील तलाव व त्यांचे कागद

रत्नपूरच्या जाजल्लदेवाच्या शिलालेखांत (इ. स. १११४) 'भाणार' हें नांव येतें व तें भंडाऱ्याचें मानितात, हें संशोधकांस विदित आहेच. त्या गांवच्या प्राचीनत्वाविषयीं येथें लिहावयाचें नाहीं. ज्या पाण्यावर या प्रांतांतील घरोघरची चूल चालली, त्याची व्यवस्था कोणत्या कागदांत नमूद होती, एवढाच प्रश्न आम्हांस मांडावयाचा आहे.

गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं येथें तलाव बांधिले. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यानें घातला अशी परंपरा आहे. (१९९९ च्या विभागणीनंतर तें स्थळ गोंदिया जिल्ह्यांत मोडतें.) इंग्रजी अमलांत तलाव मालगुजारांकडे राहिले. तलावामुळें धानाच्या बांधींस पाणी मिळे हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्याची अर्धीच किंमत कळली असें होईल. ढिवरांस मासे व शिंगाडा, गुरांस उन्हाळ्यांतील पाणी, शेतास गाळ, विहिरींस पाझर, हें सर्व त्याच पाळीच्या आंत होतें. धान बुडाल्या सालींहि ताटांत कांहीं पडे तें यामुळें.

जमाबंदीच्या वेळीं गांवोगांव 'वाजिब-उल्-अर्ज' नामक कागद तयार झाले. पाण्याची व निस्ताराची वहिवाट त्यांत लिहिली जाई. ताम्रपट व सनदा यांमागें लागलेल्या संग्राहकांनीं या कागदाकडे पाहिलें नाहीं; आम्हीहि त्यांतलेच. १९५१ सालीं मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. पुढें सरकारनें पाणीपट्टी मागितली, तेव्हां गांवकऱ्यांनीं आपल्या जुन्या हक्कास आधार म्हणून हाच कागद दाखविला.

आतां शहरांकडे वळूं. नागपूर शहर पेंच व कन्हान यांचें पाणी पितें. त्याचें मैलापाणी नाग नदीवाटे कन्हानेंत व तेथून वैनगंगेंत येतें. गोसीखुर्द धरणाचा (पायाभरणी २२ एप्रिल १९८८) फुगवटा वर चढल्यापासून तें मलिन पाणी भंडाऱ्याच्या बाजूस तुंबूं लागलें. भंडारा शहर पितें तें वैनगंगेचेंच पाणी, व ढिवरांचें जाळें पडतें तेंहि तिच्यांतच. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे. नाग नदीच्या शुद्धीची योजनाहि २०२२ सालीं केंद्रानें मंजूर केली. तथापि गांवच्या कागदांत पाणी घेणारा व पाळ राखणारा एकाच पानावर सांपडे. घाण सोडणारें शहर व ती सोसणारें शहर यांस एकत्र बांधणारें तसें पान आमच्या पाहण्यांत नाहीं.

जुन्या मालगुजार घराण्यांच्या दप्तरांत वाजिब-उल्-अर्जाच्या नकला असण्याचा संभव आहे. सनदा व वंशावळी काढून घेऊन बाकीचे रुमाल पुन्हा बांधून ठेवण्याची आपली चाल आहे. त्या बाकीच्या रुमालांतच शोध करावा. मूळ हातीं न आल्यास तलावाचें नांव, पाळीची दुरुस्ती, पाणकराचा मोबदला व मासळीचा हक्क, एवढीं कलमें तरी आधीं उतरून घ्यावीं.