वाघळाचे उड्डाण

विमानाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १७ डिसेंबर १९०३ पासून केला जातो. त्या दिवशी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट बारा सेकंद हवेत राहिला. परंतु त्याच्या पंचवीस वर्षे आधी, अमेरिकेतील आयोवा राज्यात, एका घराच्या छताखाली जे घडले त्याचा उल्लेख ओझरताच होतो.

१८७८ च्या शरद ऋतूत बिशप मिल्टन राइट प्रवासाहून परतले ते मुठीत काहीतरी लपवून. मुलांना नीट दिसण्यापूर्वीच त्यांनी ते हवेत सोडले. वस्तू खाली न पडता छतापर्यंत गेली, क्षणभर फडफडली आणि मग जमिनीवर आली. बूच, बांबू व कागद यांची ती भिंगरी पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर फिरत होती. विल्बर अकरा वर्षांचा, ऑर्व्हिल सात. त्यांनी तिचे नाव ठेवले ‘वाघूळ’.

खेळणे लवकरच मोडले. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपली असती. पण या मुलांची आई सुसान गाडे बनविणाऱ्याची मुलगी होती. हत्यारे हाताळण्यात ती पतीहून सरस, मुलांची खेळणीही स्वतःच घडवी. मुलांनी वाघळाच्या प्रतिकृती केल्या; त्या उडाल्या. मग पुष्कळ मोठ्या केल्या, तर त्या नीट उडेनात! कारण पुढे उमगले: सर्व मापे दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. तूर्त मुले पतंगांकडे वळली. (बडोद्याच्या वाचकांना यात नवल वाटू नये.)

१९०१ मध्ये त्यांचे ग्लायडर हिशेबाइतके उचलले जाईना, तेव्हा दोघा भावांनी रूढ कोष्टकांवर विसंबणे सोडले. डेटनच्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तीत पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे छोटे पंख तपासले. मोजमापाचे काटे करवतीची पाती व सायकलच्या आऱ्या यांचे. दोघांपैकी एकाकडेही शाळा पूर्ण केल्याचा दाखला नव्हता. यावरून शाळा निरुपयोगी ठरविण्याचा मोह टाळावा. घरात वडिलांचा मोठा ग्रंथसंग्रह होता, हे विसरता येत नाही.

त्या भिंगरीचा मूळ आराखडा आल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणाचा, १८७० चा. पुढच्याच वर्षी त्याचे रबरावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या तुइलरी बागेत अकरा सेकंद उडाले. माणूस नेणाऱ्या विमानाचे एकस्वही त्याने १८७६ मध्ये घेतले. पैसा मात्र कोणी दिला नाही. १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. विल्बर तेव्हा तेरा वर्षांचा होता.