ऐकणाऱ्याचा प्रश्न

व्यवसायातील शिक्षण आणि निरोप ध्वनिमुद्रित वाणीतून द्यावेत, ही कल्पना अलीकडची आहे असे मानण्याचा प्रघात आहे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द 2004 साली एका ब्रिटिश वृत्तपत्रातील लेखात प्रथम आला. पुढच्याच वर्षी एका प्रतिष्ठित अमेरिकन इंग्रजी शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. लवकरच मोठ्या कंपन्यांनी आपल्या नोकरवर्गासाठी हे माध्यम स्वीकारले. परिपत्रक वाचायला कर्मचाऱ्याला वेळ नसतो, पण प्रवासात त्याचे कान मोकळे असतात, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा नाही; मात्र तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण इतिहासाकडे पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही, असे आम्हांस वाटते.

कामकरी माणसांना कामाच्या जागी वाणी ऐकवण्याची परंपरा किमान दीडशे वर्षांची आहे. 1865 साली हवाना शहरातील सिगार कारखान्यांत ‘वाचका’ची प्रथा सुरू झाली. कामगार तंबाखूची पाने वळत बसत आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवी. या वाचकाचा मोबदला कामगार आपल्या कमाईतून वर्गणी काढून देत, आणि काय वाचायचे हेही बव्हंशी तेच ठरवीत. पुढे ही प्रथा फ्लोरिडातील टँपा येथे गेली. तेथे 1931 साली मालकांनी वाचकांची आसने काढून टाकली आणि कारखान्यांत रेडिओ बसवले. आवाज राहिला, त्याची निवड करणारा हात बदलला. श्राव्य माध्यमाच्या इतिहासातील मूळ प्रश्न या एका घटनेत सामावलेला आहे: वाणी कोणाची, आणि ती कोणाच्या इच्छेने ऐकली जाते?

महाराष्ट्रात हाच प्रश्न शेतीच्या संदर्भात उभा राहिला. शेती हा आपल्याकडील सर्वांत मोठा व्यवसाय. त्याला ना एक कार्यालय, ना एक मालक. अशा विखुरलेल्या व्यवसायाला शिक्षण कसे द्यावे? कॅनडात 1941 पासून शेतकऱ्यांची ‘रेडिओ मंडळे’ चालत होती. त्यांच्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. गावोगाव साधारण वीस जणांचे मंडळ आठवड्यातून दोनदा संचाभोवती जमे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके, मग त्यावर चर्चा करी. असे वीस कार्यक्रम झाले. तेव्हा आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर होते. ते स्वतः हिंदीतील नामवंत नाटककार. संवादाचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

या प्रयोगाचे मर्म मात्र प्रक्षेपणात नव्हते. प्रत्येक मंडळाचा कार्यवाह चर्चेचा वृत्तांत आणि उपस्थित झालेल्या शंका केंद्राकडे टपालाने पाठवी, आणि पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉइराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तुलना त्यांनी केली. निष्कर्ष स्पष्ट होता: मंडळे असलेल्या गावांत ज्ञानात लक्षणीय भर पडली, केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. म्हणजे नुसता आवाज शिकवीत नाही. त्या आवाजाभोवती बसून माणसे परस्परांशी जे बोलतात, ते शिकवते. आपल्या परंपरेने श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन या पायऱ्या सांगितल्या, त्या काही शोभेसाठी नव्हेत.

1959 पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढली, पण वृत्तांत मागवणे आणि शंकांना उत्तरे देणे हे कष्टाचे काम मागे पडत गेले. संच टिकले तेथेही मंडळे विरली. जे मोजता येते ते वाढवावे आणि जे जपावे लागते ते सोडून द्यावे, हा आपल्या अनेक योजनांचा परिपाठ येथेही दिसतो.

आता बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदकडे वळू. पुण्याचा प्रयोग चालू असताना हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्या मंडळांत येथील गावे असणे शक्यच नव्हते. पण श्रवणाची स्वतंत्र परंपरा या तालुक्याला होतीच. याच तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घटाची पाहणी करून पाऊस व पिके यांविषयीचे भाकीत जाहीर केले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केल्याचे सांगतात. हवामानशास्त्राच्या कसोटीवर हे भाकीत टिकत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तरीही दूरदूरचे शेतकरी ते ऐकायला का जमतात, हा प्रश्न उरतोच. तेथे शेतकऱ्याच्या चिंतेचे विषय शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या शेजाऱ्यांच्या देखत उच्चारले जातात. आणि परतताना माणसे त्यावर वाद घालीत जातात. ज्ञान नसेल, पण मंडळ आहे.

याच जळगाव जामोद येथे आज कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांचे प्रशिक्षण हे अशा केंद्रांचे नेमलेले काम. 21 जानेवारी 2004 पासून देशात किसान कॉल सेंटर सुरू झाले, तेव्हापासून दूरध्वनीवर सल्ला मिळतो. आता तर मोबाइलवर ध्वनिफीत पाठवणे कोणालाही शक्य आहे. छापील पत्रकाला वऱ्हाडी बोलीचा संकोच वाटतो. ध्वनिफितीला तो वाटण्याचे कारण नाही. साधने आहेत, ज्ञान आहे, बोलीही आहे. उणीव राहते ती उलट टपालाची.

ही उणीव किती महाग पडते, हे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यावरून समजावे. तेथील भूजल खारट आहे. त्याच्या भरवशावर दिलेला ओलिताचा सरसकट सल्ला जमिनीलाच बाधतो. डोंगरपायथ्याची गोष्ट वेगळी, खारपाणाची वेगळी. दूरच्या शहरात मुद्रित झालेली सुरेल ध्वनिफीत हा भेद जाणणार नाही. तो जाणणारा माणूस ऐकणाऱ्यांतच बसलेला असतो. त्याला विचारण्याची सोय नसेल तर चुकीचा सल्लाही तितक्याच गोड आवाजात हजारो कानांपर्यंत पोहोचेल, आणि त्याची किंमत ध्वनिफीत करणारा नव्हे, ऐकणारा मोजील.

कंपन्यांच्या अंतर्गत ध्वनिमालिकांनाही हेच लागू आहे. किती जणांनी फीत ऐकली, याचा आकडा व्यवस्थापनाला क्षणात मिळतो. किती जणांना शंका आली आणि तिचे काय झाले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. हवानाच्या कामगारांनी वाचक स्वतः नेमला होता. पुण्याच्या मंडळांनी केंद्राला प्रश्न विचारले होते. श्रोता हा शिष्य असतो हे खरे, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार नसलेल्या श्रोत्याला शिष्य म्हणत नाहीत. उपनिषदांपासून कीर्तनाच्या पूर्वरंगापर्यंतचे वाङ्मय अभ्यासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.