कमरेवरचे पिस्तूल आणि दुसऱ्याचा हात

१/ पोलिसाच्या कमरेला लटकणारे पिस्तूल सर्वांना दिसते. ते ज्यात असते त्या होल्स्टरकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्या साध्या दिसणाऱ्या कोशाला मात्र एक कठीण कोडे सोडवायचे असते : मालकाच्या हाती शस्त्र क्षणार्धात यावे आणि दुसऱ्याच्या हाती मुळीच जाऊ नये.

२/ आरंभी चिंता चोराची नव्हती, शस्त्र हरवण्याची होती. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी सिरपुरा येथील चकमकीत घोडदळाचा अधिकारी सॅम ब्राउन याने डावा हात गमावला. एका हाताने तलवार व पिस्तूल सांभाळता यावे म्हणून त्याने खांद्यावरून जाणारा पट्टा योजला. तोच पुढे जगभरच्या गणवेशांत ‘सॅम ब्राउन बेल्ट’ म्हणून रूढ झाला.

३/ लष्करी होल्स्टरला मोठे झाकण असे. धूळ, पाऊस आणि घोड्याची दौड यांपासून शस्त्र वाचे. जोडीला पिस्तुलाच्या मुठीतील कडीला बांधलेली दोरी. भारतीय पोलिसांच्या गणवेशात ही दोरी आजही दिसते. दोरी शस्त्र हरवू देत नाही; पण ते हिसकावणाऱ्याचा हात ती रोखू शकत नाही.

४/ अमेरिकेच्या शहरांतील पोलिसांना झाकण उघडण्याइतकी उसंत परवडणारी नव्हती. म्हणून झाकण गेले, चाप उघडा राहिला आणि रिव्हॉल्व्हर चामड्याच्या एका पट्टीवर व टिचबटणावर विसंबले. वेग मिळाला, पण तो जितका मालकाला मिळाला, तितकाच त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यालाही.

५/ एक जुना उपाय होता शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या होल्स्टरचा. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तो वापरला. त्याची कळ चापाभोवतीच्या कडीच्या आत असे. ती दाबताच होल्स्टर दुभंगे. पण दाबणारी तर्जनी त्याच क्षणी चापाच्या शेजारी असे. कुलूप शाबूत राहिले, धोका मात्र मालकाच्याच बोटावर आला.

६/ एफबीआय दरवर्षी कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांची नोंद प्रसिद्ध करते. त्यात एक रकाना विशेष अस्वस्थ करणारा आहे : स्वतःच्याच शस्त्राने मारले गेलेले. अटक करताना होणारी झटापट हातभर अंतरावरची असते आणि त्या अंतरात कमरेवरचे शस्त्र दोघांच्याही आवाक्यात असते.

७/ १९७० च्या दशकात या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तर आले. कॅन्सस सिटी पोलीस दलातील जिम लिंडेल यांनी शस्त्र वाचवण्याचे डावपेच पद्धतशीर शिकवले. एफबीआयचे माजी एजंट बिल रॉजर्स यांनी होल्स्टरच बदलायला घेतले.

८/ रॉजर्स यांची कसोटी सरळ होती. होल्स्टर पट्ट्यावर चढवायचे आणि दुसऱ्या माणसाने मूठ धरून पाच सेकंद सर्व जोर लावून ओढायचे. शस्त्र जागेवर राहिले तर पहिली पातळी. मग एक अडसर उघडून पुन्हा तोच हल्ला. टिकले तर दुसरी. आणखी एक उघडूनही टिकले तर तिसरी.

९/ म्हणजे पातळी ही बटणांची संख्या नव्हती. हल्ल्यानंतर उरलेल्या तग धरण्याच्या शक्तीचे ते माप होते. आज सर्व उत्पादकांना बांधील असे एकच प्रमाण नाही. काही जण केवळ अडसर मोजून आकडा छापतात, त्यामुळे सारख्याच आकड्याची दोन होल्स्टरे सारखीच सुरक्षित असतीलच असे नाही.

१०/ तिसऱ्या पातळीच्या सुरुवातीच्या एका होल्स्टरमध्ये अंगठ्याने एक बटण, मधल्या बोटाने दुसरे, आणि मग शस्त्र मागे कलवून वर खेचणे असा क्रम होता. सराव असलेल्याला तो सहज जमे. सराव नसलेल्याला मात्र संकटाच्या क्षणी तो क्रम आठवेलच असे नव्हते.

११/ पुढे साच्यातून काढलेल्या कडक प्लास्टिकने चाप पूर्ण झाकला. शस्त्र आत सरकताच आपोआप कुलूप लागू लागले आणि मूठ धरताना अंगठा जिथे पडतो तिथेच कळ आली. वेगळी हालचाल आठवण्याची गरज कमी झाली.

१२/ तरीही जुनी चूक परतली. तर्जनीने कळ दाबण्याची होल्स्टरे बाजारात आली. घाईत जोराने दाबलेले बोट शस्त्र बाहेर येताच चापावर सरकू शकते. म्हणून काही प्रशिक्षण संस्थांनी ती वर्गात आणण्यास मनाई केली.

१३/ या सर्व प्रवासातून दोन नियम स्थिर झाले. कुलूप उघडणारे बोट चाप ओढणारे नसावे. आणि होल्स्टर बदलले की सरावही नव्याने, हजारो वेळा, रिकाम्या शस्त्राने करावा. कारण मालकाच्या हाताला सवय नसेल, तर उत्तम कुलूपही त्याला परक्यासारखेच अडवते.